अप्पांनी लावलेला फ्लेक्स

माझ्या भावाने कोयता सोडला तो काही पश्चात्तापाने नाही, हे आधीच सांगून टाकते. तो घाबरला होता. लोक म्हणतात पोरगा सुधारला, म्हणोत बापडे. सुधारायला भीतीसुद्धा पुरते, आणि भीतीनेच सुधारला असता तरी मला चाललं असतं.

समर्थ माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. बिबवेवाडीत जिथे आमचे आजोबा कांदा लावायचे तिथे आता लिफ्टच्या इमारती आहेत, आणि त्यातले दोन फ्लॅट नि एक गाळा आमच्या वडिलांच्या, म्हणजे दत्तोबांच्या, नावावर आहे. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. जमीन गेली तेव्हा अप्पांचं कामही गेलं. उरला मान, आणि तो लोकांना दाखवायला उरले फ्लेक्स. भावकीतल्या पोराचं जावळ, बैलपोळा (बैल नसताना), आईची चारधाम यात्रा, कशाचाही फ्लेक्स चौकात लागायचा. मी कॉलेजात पहिली आले तेव्हाही लागला होता, फक्त त्यात माझ्यापेक्षा अप्पांचा फोटो मोठा होता.

समर्थ बारावीनंतर चौकातल्या पोरांत रमला. गॉगल घालून कोयत्याने केक कापायचा, त्याचं रील टाकायचं, आणि कुणी वाईट कमेंट केली की त्याच्या गल्लीत जाऊन उभ्या गाड्यांच्या काचा फोडायच्या, असा यांचा पराक्रम. अशाच एका कमेंटवरून रतन नावाच्या पोराशी वाजलं. रतन पलीकडच्या वस्तीतला, समर्थच्याच वयाचा. भर दुपारी मार्केट यार्डाच्या भिंतीला त्याला गाठून समर्थने कोयता घातला. डोक्यावर घालणार होता, रतनने हात वर केला म्हणून खांद्याखाली बसला. पुन्हा उचलला, पुन्हा घातला. रतन जगला, पण त्याचा उजवा हात कायमचा गेला. लोंबायचा नुसता. माझा भाऊ हा असा होता, हे लपवून मी काही सांगणार नाही.

जामीन मिळायला बरेच महिने गेले. नवा गुन्हा झाला की जामीन रद्द, असं न्यायाधीशांनी बजावलं होतं. तो सुटला त्याच संध्याकाळी रतनच्या पोरांनी स्टेटस ठेवलं: उजव्याला उजवा. ते वाचून समर्थने जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याला मी गुपचूप माझ्याकडे खडकीला आणलं. माझे यजमान अभिनव मूळचे बुलढाण्याकडचे, इथल्या फॅक्टरीत कामाला आहेत. खडकी बाजारात पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. अभिनवने फक्त एवढंच विचारलं, की तो रात्री घोरतो का.

पोलीस चौकीची हजेरी सोडली तर समर्थने दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. पण बावीस वर्षांचा पोरगा दिवसभर घरात काय करणार? मोबाइल बघणार, आणि मोबाइलमध्ये तीच पोरं, तेच कोयते. मी त्याला सांगितलं की फुकट राहायचं नाही, काहीतरी शिकायचं. मी एका कंपनीत टेस्टर आहे; दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि घरी ते काम मी फुकट करते. समर्थ म्हणाला, मग प्रोग्रामिंग शिकतो, घरबसल्या होतं आणि कुणाला तोंड दाखवावं लागत नाही. त्याने हे आळसाने म्हटलं होतं. मी मात्र ते धरून ठेवलं.

कोर्स निवडायला आम्ही बसलो तेव्हा माझी पहिली अट फीची नव्हतीच. घराचा पत्ता मागणारा, घरी पुस्तकं पाठवणारा आणि फोटो मागणारा कोर्स नको, ही ती अट.

स्वारगेटजवळ ऑफिस असलेल्या एका मोठ्या क्लासचा आधी फोन आला. पलीकडचा मुलगा समर्थला प्रत्येक वाक्यात सर म्हणत होता आणि नोकरीची हमी देत होता. समर्थ खूश झाला, आयुष्यात त्याला सर कुणी म्हटलेलं नव्हतं. मी फोन घेतला आणि विचारलं की हमी लेखी देणार का. मग तो मुलगा अटी-शर्तींकडे वळला. शेवटी म्हणाला, प्रवेश घेतल्याचा फोटो, सोबत आपला एरिया, आमच्या पेजवर येईल. मी फोन ठेवून दिला.

दुसरा कोर्स नुसत्या व्हिडिओंचा होता. समर्थने ते पलंगावर पडून दुप्पट वेगाने पाहिले आणि आठवड्यात मला सगळं येतं असं जाहीर केलं. मी म्हटलं, ये, लॅपटॉप घे, व्हिडिओ बंद कर आणि वाणसामानाची बेरीज करणारा साधा प्रोग्राम लिही. त्याला पहिली ओळ जमली नाही. पोहण्याचे व्हिडिओ बघून कुणी खडकवासल्यात उडी मारत नाही, असं मी बोलले. त्याने लॅपटॉप धाडकन मिटला.

तिसरा कोर्स माझ्या ऑफिसातल्या एकीने सांगितला. आम्रपाली नावाच्या एक बाई घरूनच शिकवायच्या. व्हिडिओ नाहीत, सर्टिफिकेट नाही, नोकरीची बात नाही. रोज एक लेखी धडा आणि एक गणित, आणि तुम्ही लिहिलेली ओळ न् ओळ त्या स्वतः वाचून शेरा देणार. रविवारी सकाळी शंकांचा तास, तोही कॅमेरा बंद ठेवून चालेल. समर्थचं म्हणणं, सर्टिफिकेट नाही तर आईने भिंतीवर काय लावायचं? मी म्हटलं, एक आठवडा करून तर बघ.

पहिल्याच दिवशी त्याने कुठूनतरी उचललेला लांबलचक प्रोग्राम पाठवला. शेरा आला: ‘हे तुमचं नाही. तुम्हाला समजलंय तेवढंच लिहा. तीन ओळी चालतील.’

समर्थने हातातला स्टीलचा पेला भिंतीकडे भिरकावला. तो कपाटाच्या आरशावर बसला आणि काचेचा एक तुकडा माझ्या भुवईत घुसला. मी एका हाताने डोळा धरला आणि दुसऱ्याने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की खालच्या दुकानदाराने मान वर करून पाहिलं. समर्थने मूठ उगारली. मला त्या क्षणी मार्केट यार्डाची भिंत दिसली, आणि मला माझ्या भावाची भीती वाटली. मग माझ्या गालावरून ओघळणारं रक्त त्याने पाहिलं. मूठ उघडली, फडकं आणून माझ्या डोळ्यावर दाबलं, आणि लॅपटॉपसमोर जाऊन बसला. दुपारभर बसून तीन ओळी लिहिल्या. संध्याकाळी उत्तर आलं: ‘बरोबर.’

एकच शब्द. तो त्याने किती वेळा वाचला असेल! कोर्स ठरला तो त्या शब्दावर.

पुढचे दोन-अडीच महिने आमच्या घरात सुखाचे गेले, असं म्हणायला हरकत नाही. समर्थ पहाटे उठायचा. चुकला की दात-ओठ खायचा, पण भांडी जागेवर राहायची. आम्रपालीबाई लवकरच त्याला एका छोट्या कंपनीचं काम सरावाला देणार होत्या. एकदा जेवताना तो मला म्हणाला, ‘‘ताई, ह्यात चुकलं तर परत करता येतं.’’ मी वरणाचं भांडं उगाच घासत बसले, कारण मला रडू येत होतं.

आनंदाच्या भरात त्याने हे फोनवर आईला सांगितलं. आईने अप्पांना सांगितलं. इथे मी कमी पडले. सगळे धोके तपासले, पण बापाचा अभिमान तपासला नाही.

पुढच्याच रविवारी सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर आईने फोटो टाकला. बिबवेवाडीच्या चौकात दोन बांबूंना बांधलेला भलामोठा फ्लेक्स. त्यावर कोटातला समर्थ; कोट त्याचा नव्हता, हातातला लॅपटॉपही चिकटवलेला. ‘बिबवेवाडीची शान, भावी सॉफ्टवेअर इंजिनियर चि. समर्थ यांचे प्रोग्रामिंग कोर्सला प्रवेश घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी भावकी. आणि उजव्या कोपऱ्यात, आमच्या लग्नातल्या फोटोसह: ‘विशेष सहकार्य: कन्या उत्कर्षा व जावई अभिनव, खडकी बाजार.’

फ्लेक्स आदल्या दिवशीच लागला होता.

मी अप्पांना फोन लावला आणि बापाला कुणी बोलू नये ते सगळं बोलले. अप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘अगं, पोरानं कोयता मारला तवा पेपरात नाव आलं, ते समद्या गावानं वाचलं. आता चांगलं करतोय, ते कुनी वाचायचं?’’

मी आणखी ओरडले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता तो काढा, बांबूसकट इथे घेऊन या, माझ्या डोळ्यांसमोर जाळायचाय मला. अप्पा बरं म्हणाले.

अभिनव सकाळच्या पाळीला गेले होते. त्यांनी फोनवर पटकन ठरवलं की अर्धी सुट्टी टाकून येतो आणि दुपारीच समर्थला बुलढाण्याकडे गावी घेऊन निघतो. मी बॅग भरायला घेतली. समर्थ पांढरा पडला होता, पण त्याचा शंकांचा तास सुरू होणार होता. तेवढा करून निघतो म्हणाला. मी नको म्हणायला हवं होतं, पण त्याने ते इतकं साधेपणाने मागितलं की मला नाही म्हणवेना.

लॅपटॉपवर आम्रपालीबाईंचा शांत आवाज चालू होता. कॉम्प्युटरला एखादं काम पुन्हा पुन्हा करायला कसं लावायचं, ते त्या सांगत होत्या. म्हणत होत्या की बहुतेक जण सुरुवात नीट लिहितात आणि थांबायची अट विसरतात. तेवढ्यात दार वाजलं. अप्पा आले असं समजून मी कडी काढली.

दाराच्या धक्क्याने मी मागे पडले. तिघे आत आले. एकाने माझे केस धरून मला भिंतीला दाबलं आणि पाठीमागे शर्टातून कोयता काढून गळ्याला लावला. पातं त्याच्या अंगाला लागून तापलेलं असावं, कोमट लागलं. दुसऱ्याने जिन्याकडे नजर ठेवली. तिसरा रतन होता. मी त्याला प्रथमच पाहत होते. पोरसवदा चेहरा, वाळलेला उजवा हात बाहीत लोंबतोय, आणि डाव्या हातात कोयता.

समर्थ उठला. ओट्यावर भाजीची सुरी होती. त्याने ती पाहिली, मी त्याला ती पाहताना पाहिलं, आणि रतननेही पाहिलं. मग समर्थची नजर माझ्या गळ्याकडे आली. तो जागचा हलला नाही.

‘‘कॉम्प्युटर शिकतो म्हणं,’’ रतन म्हणाला. ‘‘कुठला हात लागतो रं त्याला?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘मला एकच हाय. कोयतासुदिक डाव्यानं शिकायला लागला.’’

समर्थने टेबलावरची वही बाजूला केली आणि लॅपटॉपशेजारी उजवा हात पालथा ठेवला. बोटं त्याने टेबलावर दाबून धरली. ‘‘ताईला सोड,’’ तो म्हणाला. ‘‘हा घे.’’

मी किंचाळले, तशी माझ्या गळ्यावर पातं रुतलं. रतनने कोयता उचलला. मनगटावरच मारायचा होता त्याला, पण डावा हात तो डावाच. घाव पुढे पडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तुटून टेबलाखाली गेलं, कोयता लॅपटॉपच्या कडेत रुतला, आणि रक्ताची चिळकांडी बटणांवर, पडद्यावर, भिंतीवर उडाली. समर्थ गुडघ्यांवर कोसळला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. पडद्यावरचा आवाज अजून शिकवतच होता.

रतनने कोयता ओढून काढला. मला वाटलं, आता दुसरा घाव. पण तो नुसता उभा राहिला. त्याच्या पायाशी समर्थ हात पोटाशी धरून लोळत होता, ते तो बघत राहिला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. त्यावर आनंद नव्हता.

‘‘फिटलं,’’ तो म्हणाला. ‘‘सोड तिला.’’

माझे केस सुटले. दोघं पोरं जिन्याने धडधडत खाली पळाली. रतन त्यांच्यामागे निघाला, उंबऱ्याबाहेर गेला, आणि वळला. कोयता खाली करून दारातून समर्थला म्हणाला, ‘‘हात वर धर. डोस्क्याच्या वर. फडकं आवळून बांध, मग थांबतं रगत. मला कुनी सांगितलं नव्हतं.’’

त्याच वेळी अप्पा जिना चढून आले.

त्यांनी फ्लेक्स काढून छोट्या टेम्पोत घालून आणला होता. मी बांबूसकट म्हटलं होतं म्हणून एक बांबू हातात घेऊन ते वर निघाले होते. जिन्यात पळणारी पोरं त्यांना धडकली, वरून समर्थचं ओरडणं ऐकू आलं. त्यांना दारात एक पाठ दिसली, हातात रक्ताळलेला कोयता दिसला आणि त्यापलीकडे रक्तात बसलेला मुलगा दिसला. रतन काय बोलत होता ते त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

पहिला तडाखा रतनच्या मानेच्या वर बसला. तो उंबऱ्यावर पालथा पडला, कोयता सुटून माझ्या पायाशी आला. अप्पांनी बांबू पुन्हा उचलला. मी ओरडले, ‘‘अप्पा, तो चाललाय, तो चाललाय!’’ पण ते थांबेनात. नांगरटीत उतरलेल्या माणसासारखे एका लयीत मारत राहिले, शब्दही न बोलता. मी त्यांचं धोतर धरून ओढलं, हातात धोतराचा सोगा आला. बांबू उभा चिरला तेव्हा त्यांचे हात थांबले. रतनचं तोंड माझ्या पायपुसण्यावर होतं आणि एका कानातून रक्त येत होतं. समर्थ खोलीच्या मध्यावर बसला होता, हात डोक्याच्या वर धरून, रतनने सांगितलं होतं तसा.

रतन हॉस्पिटलात त्याच रात्री मेला. पोराच्या आईचा आक्रोश मी पॅसेजमधून ऐकला, तिच्यासमोर जायची माझी हिंमत झाली नाही. समर्थची बोटं जोडता आली नाहीत. अप्पांना येरवड्याच्या तुरुंगात नेलं.

फ्लेक्स बरेच दिवस टेम्पोतच पडून होता. शेवटी अभिनवने तो फाडून कचऱ्यात टाकला, जाळणं माझ्याच्याने झालं नाही. समर्थ महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जुनी पोरं फोन करून सांगायची, भाई, तू फक्त बोल, रतनच्या भावालाही बघून घेतो. त्याने ते नंबर बंद केले. एके सकाळी उठून त्याने ओल्या कापडाने लॅपटॉपच्या फटींतलं वाळलेलं रक्त काढलं आणि आठ बोटांनी धडा उघडला. आम्रपालीबाईंनी काही विचारलं नाही. फक्त मागच्या गणितावरचा शेरा तसाच होता: थांबायची अट लिहा.

तुरुंगात मुलाखतीला आम्ही दोघं गेलो तेव्हा अप्पा जाळीपलीकडे उभे होते. वाळले होते, पण ताठ. आधी समर्थच्या हाताकडे पाहिलं, मग कोर्स चालू आहे का ते विचारलं. तो हो म्हणाला. मग त्यांनी जाळीला बोटं अडकवली.

‘‘वकील म्हनत्यात, घाव मागनं हायेत, अवघड हाय,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तसं काय आत ऱ्हायचं असंल तर ऱ्हाईन मी. पन म्या आलो नसतो तर त्यानं तुला ठारच केलं असतं. व्हय का नाय?’’

समर्थने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘‘व्हय, अप्पा.’’

पण अप्पांना माझा शब्द हवा होता. ‘‘तू सांग,’’ ते मला म्हणाले. ‘‘तू तोंडावर बोलतीस. तू खोटं सांगनार न्हाईस.’’

मी आयुष्यभर ह्या माणसाच्या चुका त्याच्या तोंडावर मोजत आले. त्याच्या फ्लेक्सना हसले, त्या सकाळी फोनवर त्याला अडाणी म्हटलं. ‘फिटलं’ हा शब्द माझ्या घशापर्यंत आला होता. ‘हात वर धर’ हेही आलं होतं.

‘‘हो अप्पा,’’ मी म्हटलं. ‘‘तुम्ही होतात म्हणून वाचला.’’

त्यांनी मान हलवली, टोपीने डोळे पुसले. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा आपणहून वळले आणि आत गेले.

बाहेर आलो तर समर्थचा हात ठणकायला लागला होता, थंडीत ठणकतोच. त्याने तो डोक्याच्या वर धरला. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याला वाटलं की आपल्यालाच हात केलाय. तो थांबला, आणि आम्ही बसलो.